फलकावरची आत्या

आमच्या आत्याला एकटं राहायचं होतं, बस्स. तिचं मागणं एवढंच होतं आणि त्यावरून ऐंशीच्या दशकाच्या शेवटी-शेवटी आमच्या घरात कायम धुसफूस चालायची. नवरा गेल्यावर ती चारकोपच्या आपल्या बैठ्या घरात एकटी राहत होती. मूलबाळ नाही. माझे वडील, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, दर रविवारी बोरिवलीहून तिच्याकडे जायचे आणि "चल आमच्याकडे" म्हणून तिचं डोकं खायचे. ती त्यांना सोलकढी प्यायला द्यायची आणि म्हणायची, "माका खंय जावचा नाय. ह्यां घर ह्यांनी बांधलेला आसा." झालं, विषय बंद.

घर खरंच तिच्या नवऱ्याने बांधलं होतं. गिरणीतून निवृत्त झाल्यावर सरकारी योजनेत तिथल्या एका सेक्टरमध्ये प्लॉट मिळाला, तेव्हा दोघांनी गवंड्याच्या हाताखाली विटा वाहिल्या होत्या. तेव्हाचं चारकोप म्हणजे अर्धे प्लॉट रिकामे, खाडीचा वास आणि संध्याकाळी डासांची फौज. पण तिथे आत्या राणीसारखी राहायची. सकाळी मनोरीची कोळीण दारात टोपली उतरवायची, तिच्याशी तासभर भाव करायचा, दुपारी देवळात भजनाला जायचं. मी बँकेतून सुटले की अधूनमधून तिच्याकडे जायची आणि मला तिचा हेवा वाटायचा.

अशाच एका वर्षी तिच्या भागातल्या महापालिकेच्या ऑफिसने एक मोहीम काढली. म्हातारा माणूस म्हणजे निकामी, घरच्यांच्या गळ्यातली धोंड, हा समज लोकांच्या डोक्यातून काढायचा. हेतू झकासच होता, मी नाही म्हणत नाही. एक बाई आणि एक गृहस्थ घरोघर जाऊन म्हाताऱ्यांशी बोलू लागले. आत्याकडे आले तेव्हा ती हरखून गेली. तिला बसवून कुणी काही विचारलं, याला किती वर्षं झाली होती.

आणि विचारलं म्हटल्यावर ती काय थोडक्यात सांगणार? आमच्या कोकणातल्या माणसांची ही खोड आहे. नाव विचारा, गाव सांगतात. गाव विचारा, वाडी, घराचं नाव, माहेर, सासर, कुळाचा देव, सगळं सांगून मोकळे होतात. आमच्यात तीच ओळख. अनोळखी माणूस दारात आला की पहिला प्रश्न, "खंयचो रे तू?" आणि त्याने वाडीचं आणि घराचं नाव बरोबर सांगितलं की तो आपला. मग त्याला घरात घ्यायचं, पाणी द्यायचं, जेवल्याशिवाय सोडायचं नाही. आत्याने त्या दोघांना सगळं सांगितलं. फोटोही काढून घेतला, नऊवारी नीट करून, ताठ बसून.

महिन्याभराने चारकोपच्या मंडईच्या तोंडाशी मोठा फलक लागला. त्यावर तिथल्याच काही म्हाताऱ्या माणसांचे फोटो होते आणि आत्या पहिल्याच रांगेत. मला आधी भरून आलं, खोटं कशाला बोलू. मग मी खालचा मजकूर वाचला. पूर्ण नाव, वय, सेक्टर, घराचा नंबर. गाव, वाडी, घराचं नाव, माहेर. नवरा कुठल्या खात्यात कामाला होता ते. 'एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही, तरी एकट्या राहतात. दुपारी न चुकता भजनाला जातात.' शेजारी एक माणूस उभा होता. पिशवी नाही, भाजी नाही, नुसता सावकाश वाचत होता. कदाचित बिचारा कुणाची वाट बघत असेल. पण मी तिथून निघाले तरी तो वाचतच होता.

पुढच्या आठवड्यात आत्याकडे गेले तर ओट्यावर दोन ताटं धुऊन पालथी घातलेली. कोण आलं होतं, विचारलं. "आपल्या वाडीतलो झील," ती खुशीत म्हणाली. "घराचा नाव सांगितल्यान, माझ्या म्हायेराचो गाव सांगितल्यान. ह्यांका पण वळखता." त्या मुलाचं नाव काय, कुणाचा कोण, ते तिला सांगता येईना. मालवणी बोलला का, तर नाही, मुंबईतच वाढलाय म्हणाला. जेवला, घर फिरून बघितलं, मागचं दार कुठे उघडतं ते विचारलं आणि परत येतो म्हणून गेला.

"आत्या, हे सगळं मंडईत लिहिलंय," मी म्हटलं. तिला ते कळेचना. वाचता येत नव्हतं तिला. तिच्या मते तिने ते त्या दोघांना सांगितलं होतं, तेही घरात बसून. मंडईचा त्यात काय संबंध?

माझं डोकं फिरलं. अर्धी रजा टाकून मी त्या ऑफिसात गेले. मोहिमेचे साहेब सज्जन होते, चहा मागवला त्यांनी. मी म्हटलं, बाई एकटी राहते, डोळ्याने दिसत नाही, दुपारी घरी नसते, हे जगाला सांगायची काय गरज होती?

"मॅडम, तेच तर लोकांना कळायला हवं. या वयातसुद्धा माणूस एकटा राहू शकतो."

"कुठल्या लोकांना?"

साहेब जरा दुखावले. म्हणाले, "आम्ही कुणाची माहिती कुणालाही देत नाही." आणि उठून मला कपाट दाखवलं. फाइली आत होत्या आणि कपाटाला कुलूप होतं. किल्ली त्यांच्याच खिशात असते, हेही त्यांनी मला सांगितलं.

"आणि मंडईतला फलक?"

"तो प्रचार आहे," साहेब म्हणाले.

मग तिला त्यावरून काढा, मी म्हटलं. त्यावर त्यांनी नियम सांगितला. आत्याचं नाव काढायचं असेल तर तिने स्वतः येऊन अर्ज द्यायचा, सोबत वयाचा आणि राहत्या जागेचा पुरावा जोडायचा. मग वरून मंजुरी येईल. तोपर्यंत फलकाला हात लावता येत नाही. त्यांच्या आवाजात जराही खोट नव्हती आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. अर्ज आम्ही दिला. फलक तसाच राहिला.

तो 'वाडीतला' पुन्हा आला, या वेळी बरोबर आणखी एक जण. जेवायला थांबले नाहीत. आत्याला म्हणाले, काकी, एका डोळ्याने दिसत नाही, रात्री-अपरात्री पडलात-झडलात तर कोण बघणार? घराचे कागद आमच्याकडे द्या, आम्ही तुमची व्यवस्था लावतो. आवाज चढवला नाही, हात लावला नाही. जाताना दाराची कडी आतून-बाहेरून हलवून बघितली. वडील पोलीस चौकीत गेले. तिथल्या हवालदाराने विचारलं, चोरी झाली का, मारहाण झाली का? नाही ना, मग तक्रार कसली लिहू?

फलकावर आत्याच्या खालच्या रांगेत एक म्हातारे कंपाउंडर होते. तिच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे, एकटेच. एक दिवस मनोरीच्या कोळणीने नेहमीसारखी त्यांच्या दारात हाक मारली, तर आतून भलतीच बाई आली. दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत होते. काकांनी घर आम्हाला दिलं, ती म्हणाली. काका कुठे गेले? पुतण्या घेऊन गेला. त्यांना भाऊच नव्हता, तर पुतण्या कुठला? हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं आणि कुणी तोंड उघडलं नाही. पुढे त्यांचा पत्ता लागला नाही. कोळणीने हे आत्याला सांगितलं आणि त्या दिवशी मासे न देताच निघून गेली.

रविवारी वडील गेले तर आत्या गाठोडं बांधून दाराबाहेरच्या ओट्यावर बसलेली. भावाने काही म्हणायच्या आत उठली. त्यांनी वर्षानुवर्षं जे मागितलं ते आता मिळत होतं, पण गाठोडं उचलताना त्यांनीच तिला दोनदा विचारलं, नक्की ना?. घराला कुलूप लावलं. पुढे ते पडत्या भावाने विकलं. कोणी घेतलं ते आम्ही फारसं खोलात जाऊन विचारलं नाही.

आमच्याकडे ती बरी रुळली, असं आम्ही लोकांना सांगायचो. मग पुढच्या वर्षी एका दुपारी बेल वाजली. दारात मोहिमेतले तेच दोघं, ती बाई आणि ते गृहस्थ.

"आजी आता इकडे असतात ना?" बाई हसून म्हणाली.

आम्ही कुणाला पत्ता दिला नव्हता. मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? तर म्हणे, ऑफिसात नोंद झाली आहे. या वर्षीची मोहीम कुटुंबात रमलेल्या ज्येष्ठांची होती. एक नवा फोटो हवा होता, सगळ्यांबरोबर, आणि थोडी माहिती. घरात किती माणसं, कोण किती वाजता कामावर जातं वगैरे.

आत्या स्वयंपाकघरात खोबरं खवत बसली होती. विळीचा आवाज थांबला. मी आत गेले. ती उठून दाराच्या आड भिंतीला चिकटून उभी होती, हाताला खोबरं लागलेलं. माझं मनगट धरून हळूच म्हणाली, "सांग तेंका, म्हातारी मेली."

मी बाहेर येऊन तसं सांगितलं. दोघांचेही चेहरे खरोखर उतरले. कधी, कशाने, त्यांनी विचारलं आणि मी तोंडाला येईल ते सांगितलं. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. गृहस्थ म्हणाले, मग हार घातलेला फोटो लावू का, श्रद्धांजली म्हणून? मी हात जोडले आणि दार लावलं.

त्यानंतर आत्या सहा-सात वर्षं जगली. पण गॅलरीत बसायची ते बंद झालं. भजनाला म्हणून इथलं देऊळ मी दाखवलं होतं, तिथेही गेली नाही. बेल वाजली की हातातलं काम टाकून आतल्या खोलीत जायची आणि पाहुणा जाईपर्यंत खोकलासुद्धा दाबून धरायची. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, आत्या, अगं, आता कोण येतंय तुला शोधायला? बस ना जरा उन्हात.

"मेलेल्या माणसान भायर दिसाचा नसता, बाय," ती म्हणाली, आणि मला खिडकी लावून घ्यायला सांगितलं.