कुंपणावरचा दोडका

गेल्या उन्हाळ्यात माझ्या परसातला पहिला दोडका थोरल्या जावेनं तोडला. कळंबला आमची घरं लागून आहेत. वाटण्या झाल्यावर मधे नुसतं तारेचं कुंपण राहिलं. मागितला असता तर दोडका मीच दिला असता. पण वेल रोजच ओका दिसायला लागला, तेव्हा मी तिच्या घरी जाऊन सासूबाईंच्या देखत विचारलं. सासूबाई तिच्याकडेच राहतात. जाऊ तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्यात खाणारं हाय कोण? पोर ना बाळ."

सासूबाईही सुपातले खडे वेचायला लागल्या. मी घरी आले. मालक वालचंदनगरहून कामावरून आले, त्यांना वाढलं, पण यातलं काही सांगितलं नाही.

पुढं पावसाळ्यात माहेरी निमगाव केतकीला गेले. आईच्या एका वेलाला कडू दोडके लागले होते. दिसायला नेहमीसारखेच, पण फोड जिभेला लावली की तोंड वाकडं. आई वेल उपटायला निघाली होती. मी तिला थांबवलं, दोडका वेलावरच वाळू दिला आणि बी घेऊन आले. कशाला, असं तिनं विचारलं. मी हसले फक्त.

यंदा शिवरात्र झाल्यावर आळी केली. चांगलं बी घराच्या भिंतीला लावलं, कडू बी कुंपणालगत. मधे गवार, भेंडी, वांगी. ऊन तापलं तशी भेंडी दुपारी माना टाकायची, वांग्यावर मावा पडला, त्यावर राख फुंकली. कुंपणावरच्या वेलाला मात्र काही कमी पडू दिलं नाही. शेणखत आधी त्याला, भांड्यांचं पाणी आधी त्याला. सांजेला त्याची पिवळी फुलं उमलायची, तेव्हा मी कोवळे शेंडे हातानं वळवून तिच्या अंगणात सोडायची. इतक्या मायेनं मी दुसरं काही वाढवलेलं नाही.

दोडके तिच्याच बाजूला लोंबले. मी हात लावला नाही. वाट बघत राहिले.

एका रविवारी तिच्या लेकीच्या सासरची माणसं जेवायला आली. सकाळीच वेलावर नुसते देठ दिसले. चिरताना एक फोड चाखायची असते, ती पाहुण्यांच्या गडबडीत राहिली असणार. मी मागच्या दारात गवार निवडत बसले. पंगत बसली आणि थोड्याच वेळात विहीणबाई तोंडावर पदर धरून मोरीवर चूळ भरायला आल्या. त्यांच्या मागोमाग व्याही.

पाहुणे गेल्यावर जाऊ कुंपणाशी आली. डोळे लाल होते.

"दोडका कडू निघाला," ती म्हणाली.

"कुठला दोडका?"

ती वेलाकडं बघत राहिली. माझ्या वेलाचा म्हणावा तर चोरी कबूल होत होती.

"बाजारातला," ती म्हणाली.

"बघून घ्यावा, ताई."

त्या दिवशी मला गवारसुद्धा गोड लागली. दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या वेलाचे दोडके काढले, दाण्याचं कूट घालून भाजी केली आणि वाटी घेऊन उघड तिच्या दारातून सासूबाईंकडं गेले. त्यांनी आधी बोटभर चाखली, मग जावेकडं भाकरी मागितली. तिनं ती आणून वाढली. सासूबाईंचं जेवण होईपर्यंत मी तिथंच बसून राहिले.