बाईंना सांगायचंच असतं

परवा तुमच्या आईचा फोन आला. धाकट्याला घराजवळच्या कुठल्या शाळेत घालायचं, हे तिचं ठरत नव्हतं. तिकडे म्हणे प्रत्येक शाळेला गुण दिलेले असतात आणि ते घरबसल्या संगणकावर बघता येतात. ते तिने मला वाचून दाखवले. एका वर्गात मुलं किती, मैदान केवढं, दुपारी खायला काय देतात, सगळं. मग दमून म्हणाली, "आई, तू माझी शाळा कशी निवडली होतीस गं?"

मी निवडली नव्हती. तुमच्या पणजोबांनी निवडली होती, आणि ती शाळा वाईट आहे हे सिद्ध करण्यात मी एक अख्खा पावसाळा घालवला. परदेशच्या फोनवर एवढं कुठे सांगत बसणार? म्हणून तुम्हालाच लिहून पाठवते. तुमची आई वाचून दाखवील. तिला यातलं निम्मंच आठवत असेल.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही कोल्हापुरात, पेठेत राहत होतो. माझे वडील इंग्रजी शिकवायचे आणि मी स्वतः इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, त्यामुळे माझी मुलगी इंग्रजी शाळेत जाणार हे मी धरूनच चालले होते. स्टेशनच्या पलीकडे तशी एक शाळा होती. मी ती बघून आले होते. दारात फुलझाडांच्या कुंड्या, वर्गात पॉलिश केलेली बाकं, आणि मी आत पाऊल टाकताच सगळी मुलं एका झटक्यात उठून उभी राहिली. मला माझंच लहानपण आठवलं.

घरी आले तर मामंजी, म्हणजे माझे सासरे, खुर्चीत पाय वर घेऊन बसलेले. कोर्टातली नोकरी संपली होती, पण निकाल द्यायची सवय गेली नव्हती.

"पलीकडच्या गल्लीत म्युनिसिपालिटीची मुलींची शाळा असताना पोरीला टांग्यातून गावाबाहेर कशाला धाडायची?" ते म्हणाले. "तुझ्या नणंदा तिथंच शिकल्या की!"

मी भांडी जरा जोरात लावायला घेतली. त्या आवाजाचा अर्थ त्यांना चांगला कळायचा. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "बरं, असं कर. दिवाळीपर्यंत जाऊ दे तिला. तू शिकलेली आहेस, तूच पारख. दिवाळीला शाळा वाईट म्हणालीस, तर टांगा मी स्वतः ठरवून देतो."

मी कबूल झाले. त्या इंग्रजी शाळेच्या मुख्याध्यापिका दुसऱ्या सत्रात जागा द्यायला तयार होत्या. तेव्हा माझं काम सोपं होतं. दिवाळीपर्यंत डोळे उघडे ठेवायचे आणि दोष दाखवायचे.

पहिल्याच आठवड्यात मी शाळेत जाऊन आले. कौलं गळत होती आणि गळतीखाली एक बादली ठेवलेली होती. बाकं नव्हतीच, मुली तरटाच्या पट्ट्यांवर बसायच्या. पहिली आणि दुसरी एकाच दालनात भरायची, मध्ये एक फळा आडवा उभा केला की झाली भिंत. मोरीबद्दल मी इथे लिहीत नाही. मला मनापासून आनंद झाला. माझी बाजू इतकी भक्कम असेल असं मला वाटलं नव्हतं.

त्या आनंदात मिठाचा खडा पडला तो बाईंमुळे.

बाई म्हणजे पहिलीच्या वर्गशिक्षिका. पंचविशीच्या असतील. गडहिंग्लजकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. मराठी बोलताना वाक्याच्या शेवटी एक गोड हेल काढायच्या. उंचीने बेताच्या, सावळ्या, पाठीवर एकच जाड वेणी. पेठेतच, मागच्या गल्लीत एका खोलीत आईबरोबर राहायच्या. दिसण्यात काही विशेष होतं असं नाही. मी नीट बघितलं होतं, म्हणून सांगते.

महिन्याभरात आमच्या घरात जेवायला बसलं की बाई पानावर हजर.

"मला मऊ भात नको. बाई म्हणतात, भात चावून खायचा असतो."

"बाईंनी तुझा भात कधी बघितला?"

"बाईंना सगळं ठाऊक हाय."

"हाय नाही. आहे."

"बाई हाय म्हणत्यात की!"

तुमचे आजोबा खाली मान घालून हसायचे. सासूबाई तेवढ्याही भिडस्त नव्हत्या. "लेक दत्तक दिलीस काय गं बाईंना?" त्या विचारायच्या, आणि वर आमटी वाढायच्या.

मी रोज सकाळी तिच्या दोन वेण्या घालून वर रिबिनी बांधायची. एके दिवशी म्हणाली, मला एकच वेणी हवी. का ते मी विचारलं नाही. दोनच घातल्या, आणि जरा ओढूनच घातल्या. दुपारी ती भिंतीला वर्ग समजून शिकवत बसायची, आणि ऐकणाऱ्याला वाटावं बाईच बोलताहेत. तो हेल सुद्धा तसाच. माझ्या पोटची पोर, नऊ महिने वाढवलेली, आणि तिच्या तोंडून माझा एक शब्द म्हणून निघत नव्हता.

श्रावणात तिला ताप आला. मी काढा केला तर तिने तो माझ्या पदरावर थुंकला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई निथळती छत्री घेऊन दारात उभ्या. त्यांनी वाटी हातात घेतली, तिच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि ती गटागटा सगळा काढा प्याली.

"अक्का, गूळ जरा जास्त घालत चला," जाताना बाई मला म्हणाल्या.

गूळ पुरेसा होता. मी चाखून बघितला होता. आणि अक्का म्हणण्याइतकी मी त्यांची कोण लागत होते? त्या गेल्यावर मी पदर धुतला, वाटी घासली, आणि मनाशी ठरवलं की दिवाळीची वाटसुद्धा बघायची नाही. पण मामंजींना शब्द दिला होता आणि मी दिलेला शब्द मोडत नाही, म्हणून थांबले.

मग आला हादगा. तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. आश्विनात हत्तींचं चित्र मांडून मुली त्याभोवती फेर धरून गाणी म्हणतात. गाणी संपली की खिरापत. ज्या मुलीची पाळी, तिच्या आईने काहीतरी खायला करायचं, डबा झाकून ठेवायचा, आणि आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. ओळखता आलं नाही तर त्या मुलीचा मान मोठा. आईचाही, अर्थात. आम्ही लहान असताना सगळ्या मिळून ओरडायचो, लाडू, करंजी, चकली, शेव, आणि कुणाचा तरी दगड लागायचाच.

शाळेत एका दुपारी हादगा मांडायचा होता आणि त्या दिवशीची खिरापत आमच्याकडे आली. मला तर देवच पावला. पेठेतल्या एकाही घरात होत नसेल असं काहीतरी मला करता येत होतं. कॉलेजात असताना एका मैत्रिणीच्या आईकडून मी केक शिकले होते. आपल्याकडे तेव्हा ओव्हन कुठला? पातेल्यात वाळू घालायची, ती तापवायची, वर केकचा डबा ठेवायचा आणि झाकणावर निखारे. अंड्याऐवजी दही. मी दोनदा करून बघितला. पहिला तळाला करपला, तो आम्ही घरातच संपवला. दुसरा छान फुलला.

"हे आपल्या दोघींचं गुपित," मी तुमच्या आईला सांगितलं. "कुणालाही सांगायचं नाही."

तिने डोळे मोठे करून मान हलवली. किती दिवसांनी आमच्या दोघींत असं काही होतं! त्या दिवशी तिच्या वेण्यासुद्धा मी हळुवार हाताने घातल्या.

खिरापत ज्यांची असेल त्या आयांना शाळेत बोलावायची पद्धत होती. मी डबा घेऊन दारात पोचते तोच एक फ्रॉकवाली पुढे आली.

"तुमी कुणाची आई वो? डब्यात काय हाय?"

दुसरीने तिला मागे ओढलं. "ए, आसं थेट न्हाई इचारायचं! बाईंनी काय सांगितलंय?"

फळ्यावर खडूने दोन हत्ती काढले होते, बरे काढले होते. फेर झाला, गाणी झाली, मुली गोल करून बसल्या. तुमची आई डबा मांडीवर घेऊन मधोमध. मी आरडाओरडीची वाट बघत होते. ती झालीच नाही. बाईंचा नियमच वेगळा होता. पदार्थाचं नाव एकदम घ्यायचं नाही. आधी एकेकीने एकेक प्रश्न विचारायचा, आणि आधीचीला काय उत्तर मिळालं ते जिने ऐकलं नसेल तिची पाळी गेली.

"गोड हाय?"

"हो."

"तळल्यालं?"

"नाही."

"मग उकडल्यालं?"

"नाही."

"भाजल्यालं?"

तुमची आई थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. मी इंग्रजीची पदवीधर, पण केक भाजलेला म्हणायचा की नाही हे मलाही पटकन सांगता येईना. तुमची आई म्हणाली, "चुलीवर ठेवलं, पण विस्तवाला लागलं नाही."

झालं! "मग ते भाजल्यालंच की!" "कसं गं? विस्तव लागला तर भाजल्यालं!" "मग तुझी आई भाकरी तव्यावर टाकती ती काय उकडती व्हय?" सगळ्या हसल्या. बाईसुद्धा हसल्या, पण निकाल दिला नाही. म्हणाल्या, "ठरवा तुम्हीच. पण पुढचा प्रश्न वाया नको जायला हं."

एक बारीक अंगाची मुलगी, हात गालाला लावून बसलेली, हळूच म्हणाली, "वाळूत ठेवलंय काय?"

माझा डबा अजून झाकलेला होता. तुमची आई चकित होऊन "हो" म्हणाली. त्या मुलीच्या वडिलांची फुटाण्यांची भट्टी होती, हे नंतर कळलं. चण्याला विस्तव लागत नाही, वाळू लागते, एवढं तिने घरी रोज बघितलेलं. पण या डब्याशी ते तिला जोडता आलं, आणि जोडायला आधीचे सगळे प्रश्न तिने कान देऊन ऐकले होते. मग मऊ की कडक, ओलं की कोरडं, रंग कुठला, असं करत शेवटी एकीने सांगितलं, "नाव न्हाई ठाऊक. पन पाव आनि शिरा यांच्या मधलं कायतरी हाय."

आजवर केकचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

मी भिंतीला टेकून उभी होते. मी ज्या शाळेत शिकले तिथे आम्हाला उत्तरं यायची, भरपूर यायची. प्रश्न एकापुढे एक कसा लावायचा हे कुणी शिकवलं नव्हतं. स्टेशनपलीकडच्या त्या शाळेत मी एका मुलीला सहज विचारलं होतं, की कुंडीत फूल कुठलं आहे, तर तिने उत्तर देण्याआधी शिक्षिकेकडे बघितलं होतं. इथल्या मुली एकमेकींकडे बघत होत्या. कौलांतून गळणारं पाणी मला दिसत होतं, तरट दिसत होतं, आणि त्यांचा काही उपयोग होत नव्हता. ही शाळा चांगली होती.

डबा उघडला. केक सगळ्यांनी हातात घेऊन, वास घेऊन, पुरवून पुरवून खाल्ला. बाई तुकडा मोडत म्हणाल्या, "छान झालाय, अक्का. पहिला करपला तसा हा करपला नाही."

मी घरी जाताना रस्त्यातच विचारलं, "तू बाईंना सांगितलंस?"

"हो. सकाळीच."

"मी काय सांगितलं होतं?"

"कुणाला सांगायचं नाही. मी कुण्णाला नाही सांगितलं."

"आणि बाई?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी काहीतरी अगदीच वेड्यासारखं विचारलं होतं. "बाईंना सांगायचंच असतं," ती म्हणाली, आणि रिकामा डबा वाजवत पुढे गेली.

त्या गुपिताने मी तिला परत मिळवणार होते. बाईंनी ते सकाळपासून पोटात ठेवलं, आणि सगळ्या प्रश्नांच्या वेळी चेहऱ्यावर काही दिसूही दिलं नाही. त्यातही त्या माझ्यापेक्षा वरचढ.

दिवाळीच्या आधी, सुट्टी लागायच्या सुमारास, एका सकाळी मी तुमच्या आईच्या वेण्या घालत होते. एक झाली होती, दुसरीचे केस हातात होते. मामंजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"काय मग? टांगा ठरवू?"

खोटं बोलणं सोपं होतं. गळकी कौलं खरी होती, मोरी खरी होती. तेवढं सांगितलं असतं तरी टांगा आला असता, आणि मग बाई दिवाळीनंतर आमच्या पानावरून उठून गेल्या असत्या. पण मला पारखायला सांगितलं होतं आणि मी पारखलं होतं.

"नको," मी म्हणाले. "राहू दे तिला तिथंच."

"म्हणजे शाळा पास?"

"पास."

"आणि केक करून नापास कोण झालं म्हणायचं?" आतून सासूबाई. त्यांना ऐकू न येणारं या घरात काही नव्हतं.

तुमच्या आईने मान वळवली. "म्हणजे मी बाईंकडेच राहणार?"

"शाळेत राहणार," मी म्हणाले. "राहणार तू इथंच आहेस."

पण ती उठलीसुद्धा होती. माझ्या हातातले केस निसटले. "मी बाईंना सांगून येते!" आणि अनवाणीच, एक वेणी घातलेली आणि अर्धे केस मोकळे, अशी ती मागच्या गल्लीकडे धावली. निकाल मी दिला होता. आनंद सांगायला ती त्यांच्याकडे गेली. मी रिबीन हातात धरून ओटीवर तशीच बसून राहिले.

ती परत आली तेव्हा दुसरी वेणी घातलेली होती. रिबीन माझ्याकडे राहिलेली, म्हणून बाईंनी लाल लोकरीचा धागा बांधला होता. मी तिला पुढ्यात बसवलं, धागा सोडायला हात घातला, आणि वेणी नीट बघितली. माझ्या वेणीपेक्षा ती सरळ होती, घट्ट होती, एकही केस बाहेर नव्हता.

मी ती तशीच राहू दिली.