तानुबाईचं दळण

माझी थोरली जाऊ तानुबाई लय चांगली बाई होती, असं लोक आता तिच्या माघारी म्हणतात. म्हणोत बापडे. मला ती आवडायची ती चांगुलपणासाठी नव्हे. तिचा राग पक्का होता, म्हणून आवडायची.

चारठाण्याजवळ आमचं गाव. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. आमच्या घरात सासूचे चार दिवस वीस वर्षं चालले. सासू कस्तुराबाई कोंबडा आरवायच्या आधी काठीनं तानुबाईला ढोसायची आणि जात्यावर बसवायची. चारठाण्याला गिरणी आली तरी दळण घरीच. "गिरणीचं पीठ जळकं लागतंय," एवढंच कारण. तानुबाईला पोटभर झोप अशी कधी मिळालीच नाही. जेवताना तिचा घास हातात राहायचा आणि डोळे मिटायचे.

तेही एक वेळ सोडून देता आलं असतं. पण आमच्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना जात्याला हात लावू देत नाहीत. तानुबाईला पहिली मुलगी झाली तेव्हा घरात नणंदेच्या लग्नाची घाई होती. बारसं उरकताच कस्तुराबाईनं तिला दळायला उठवलं. "पोरगीच झालीय, तिचं काय कौतिक?" तानुबाईला ताप भरला, दूध आटलं, पोरगी गेली. पोरीला पुरून आले त्याच्या दुसऱ्या पहाटे पुन्हा काठी. हे मला तिनंच सांगितलं, भाकरी थापता थापता, डोळ्यांत टिपूस न आणता.

बहात्तरच्या दुष्काळानंतर कस्तुराबाईच्या पोटात गाठ निघाली. आता इलाज नाही, घरी न्या, होईल तेवढा आराम पडू द्या, असं परभणीला डॉक्टरांनी सांगितलं आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. म्हातारी रात्रभर कण्हायची. दुपारी जरा डोळा लागतो न लागतो तोच कळ उठायची. तिला आता दुसरं काही नको होतं, फक्त झोप हवी होती.

तानुबाईनं जातं ओसरीवरून आणवून खाटेशेजारी मांडलं. म्हातारीचा डोळा लागायची वेळ बघून ती दळायला बसायची आणि वर ओवी म्हणायची:

"पायलीचं दळण माझं दळून सरंना,
लेक गेली तान्ही, म्हातारी ही मरंना."

तिचा नवरा लिंबाजी म्हणाला, "आईला झोपू दे की. गिरणीतून आणतो मी पीठ."

"आत्याबाईंनाच गिरणीचं पीठ गिळत न्हाई," तानुबाई म्हणाली.

कायदा सासूचाच होता ना! मी पदर तोंडात धरून हसले.

म्हातारी मात्र चिडेना, हे मला खटकायला लागलं. म्हणून एकदा चुलीपाशी बसून मी नीट बघितलं. जात्याची घरघर सुरू झाली की तिची आवळलेली मूठ सुटायची, कपाळ सैल पडायचं. मग तोंड उघडं टाकून ती गाढ झोपायची. सुनेला जात्यावर बसवून वीस वर्षं ती त्याच आवाजात पुन्हा झोपत आली होती. तानुबाईची खाटेकडे पाठ असायची, तिला हे दिसायचंच नाही.

"जाऊबाई," मी हळूच म्हणाले, "तुमी दळायल्यात आन ती झोपायलीय."

तिनं खुंटा सोडला. वळून म्हातारीकडे बघितलं. मग पीठ भरलं, जातं पुसलं आणि दुसऱ्या दिवसापासून ज्वारी गिरणीत धाडली.

घर गप्प झालं आणि म्हातारीची झोप उडाली. गोळीनंही येईना. जन्मभर जिला अवदसा म्हणून हाक मारली, तिला एका दुपारी ती म्हणाली, "तानू, दळ गं जरा."

"माझा सव्वा महिना राहिलाय, आत्याबाई. तेवढा होऊ द्या."

म्हातारीला कळलं. तिचे ओठ हलले. चुकलं माझं, एवढं जरी म्हणाली असती तर तानुबाई कदाचित खुंट्याला हात घालती. पण म्हातारीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

मग तानुबाईनं खाटेशेजारी वाकळ अंथरली आणि भरदुपारी आडवी झाली. आमच्या घरात सून दिवसा झोपल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. क्षणात ती घोरायला लागली. म्हातारी या कुशीवर वळली आणि टक्क डोळ्यांनी तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं मला हाक मारली.

"धाकटे, तू तरी दळ."

मी दार लोटून घेतलं, उजेड तानुबाईच्या तोंडावर येत होता म्हणून.

"हळू बोला, आत्याबाई," मी म्हणाले. "जाऊबाई झोपल्यात."