राणीच्या ताटातली टोपी

माझ्या मैत्रिणींकडे क्लायंटचे किस्से असतात, नव्याने लग्न झालेल्यांकडे सासूचे. माझ्याकडे उंदरांचे आहेत. दर शनिवारी मी सेम्बावांगला सापांच्या एका शेल्टरमध्ये काम करते आणि दर शनिवारी एक तरी नवा किस्सा पदरात पडतो. सोमवारी ऑफिसात सांगायला गेलं की लोक डबा उचलून दुसऱ्या टेबलावर जातात! त्यामुळे साठा वाढतच चाललाय. तुमचं जेवण झालं असेल तर ऐका.

आधी मंडळींची ओळख. सिंगापूरमध्ये घरी साप पाळायला बंदी आहे. तरी लोक चोरून पाळतात आणि पकडले गेले किंवा घाबरले की ते साप आमच्याकडे येतात. शेल्टर लिम आंटींचं. साठी उलटलेल्या, आवाज करवतीसारखा. मदतीला मी आणि अजिंक्य. अजिंक्य रत्नागिरीचा, मरीन इंजिनिअर. काही महिने जहाजावर, काही महिने इथे. राणी ही आमची अजगरीण, बिनविषारी आणि भयंकर चोखंदळ. आणि मागच्या खोलीत पांढरे उंदीर, म्हणजे राणीचं जेवण. जिवंत प्राणी सापापुढे टाकायला माझा तत्त्वतः विरोध आहे. आंटींचाही. म्हणून उंदराला आधी गॅसने कायमचं झोपवतात, मगच राणीला देतात.

*

आंटींचा पहिला नियम, वाक्याला इथलं नेहमीचं 'ला'चं शेपूट लावून: "नो नेम, ला! नाव दिलं की रडू येतं."

मला हे पटायचं नाही. ज्याचा जीव घेतो त्याला साधं नावही द्यायचं नाही? मग मी तोडगा काढला. जी माणसं डोक्यात जातात त्यांची नावं द्यायची! पहिलं नाव अर्थातच माझ्या मॅनेजरचं. श्रीनिवास.

एका शुक्रवारी ऑफिसच्या पॅन्ट्रीत मी अजिंक्यशी फोनवर बोलत होते. "उद्या श्रीनिवासचा नंबर. आधी गॅस द्यायचा, मग राणी काय ते बघून घेईल." मागे वळले तर आमच्या टीममधला कोथरूडचा मंदार हातात कप धरून पुतळ्यासारखा उभा!

त्याहून वाईट म्हणजे युक्ती उलटली. शनिवारी श्रीनिवास गेला आणि मी रात्रभर रडले. सोमवारी सर आले तेव्हा मी खुर्चीतून उठून विचारलं, "सर, बरे आहात ना?"

त्या वर्षी मला अप्रेझल चांगलं मिळालं.

*

एकदा एका काँडोतला, म्हणजे पॉश सोसायटीतला, मुलगा बॅगेत साप घेऊन आला. दोन वर्षं कपाटात लपवून ठेवला होता म्हणे. साप आंटींच्या हातात दिला आणि हुंदके द्यायला लागला. आंटींनी पाठीवर हात ठेवला. "होतं असं. सवय होते सापाची."

"सापाचं काय नाही हो," तो म्हणाला आणि खिशातून एक गलेलठ्ठ उंदीर काढला. "ह्याला सापासाठी आणलं होतं. सापाने खाल्लं नाही. आता हा माझ्या उशीवर झोपतो. ह्यालाही जमा करावं लागेल का?"

उंदीर पाळायला बंदी नाही, असं आंटींनी सांगितल्यावर तो इतका खूश झाला की सापाकडे वळूनही न बघता गेला. जाताना उंदीर त्याच्या कॉलरमध्ये शिरला. तो दाराबाहेर जाईपर्यंत मी बघत राहिले. माझ्या कॉलरमध्ये आजवर एकही उंदीर शिरला नव्हता.

*

गणपतीचे दिवस आले. मी आंटींना म्हटलं, "आंटी, उंदीर आमच्या देवाचं वाहन आहे. हे दहा दिवस उंदीर मारायचा नाही."

"मग राणी काय खाणार? मोदक?"

"राणी महिनाभर उपाशी राहू शकते. तुम्हीच शिकवलंत."

तेवढ्यात अजिंक्य आला आणि त्याने मुकाट्याने उंदरांच्या खोलीच्या दारावर जास्वंदीचं एक फूल लावलं. झालं! आंटींचे डोळे पाणावले. "अजिंक्यचं मन किती मऊ आहे!" पुढे जो येईल त्याला त्या सांगायच्या, "अजिंक्यमुळे आमच्याकडे दहा दिवस सुट्टी असते."

सुट्टी माझी, कौतुक त्याचं! आणि नागपंचमीला राणीपुढे दूध ठेवू नका, साप दूध पीत नाहीत, म्हणून अख्ख्या मराठी मंडळाशी भांडले होते मी. तेव्हा हा कुठे होता? मलाक्काच्या सामुद्रधुनीत!

*

आता खरं दुखणं सांगते. टोपी.

टोपी म्हणजे डोक्यावर तपकिरी ठिपका असलेली उंदरीण. आई मेल्यावर तिला मी वाढवलं. ब्रश दुधात बुडवून थेंब थेंब पाजलं. ती चालायला लागली त्या शनिवारी अजिंक्य जहाजावरून परत आला. त्याने हात टेकवला मात्र, टोपी तुरुतुरु त्याच्या बाहीत शिरली आणि दंडापाशी जाऊन झोपली.

"अगं, ही तर माझीच निघाली!" अजिंक्य म्हणाला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी शेंगदाणे आणले, चीज आणलं. टोपी माझ्या हातावरचा शेंगदाणा उचलायची आणि खायला अजिंक्यच्या बाहीत जायची!

शेवटी मी त्याच्याकडे त्याचा न धुतलेला टी-शर्ट मागितला. म्हटलं, वासाचाच प्रश्न असेल तर तो घालून बघू. त्याच रात्री पुण्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. मागे खुर्चीवर टी-शर्ट.

"कुणाचा गं तो?"

"अजिंक्यचा. उंदरासाठी आणलाय."

आईने चष्मा लावून टी-शर्ट न्याहाळला आणि म्हणाली, "सानिका, खोटं तरी नीट बोलत जा."

*

अजिंक्यची बोटीवर जायची वेळ आली तसा प्रश्न उभा राहिला. टोपी आता मोठी झाली होती, म्हणजे राणीच्या ताटात जायच्या वयाची. आंटी म्हणाल्या, "अजिंक्य परत येईपर्यंत थांबते. मग दोघांपैकी एकाने तिला घरी न्या. भांडत बसलात तर ती बाकीच्यांसारखी रांगेत. माझ्याकडे साप उपाशी आहेत."

अजिंक्यने हसत सांगितलं, "नेणार मीच. सानिका, तोवर सांभाळ हं माझ्या टोपीला!"

माझ्या! मी क्वीन्सटाउनच्या घरमालकिणीची परवानगी दुसऱ्याच दिवशी काढली. तिला हॅमस्टर सांगितलंय. ऑफिस सुटलं की रोज एमआरटी मेट्रोने सेम्बावांग गाठायचे आणि टोपीला मांडीवर घेऊन बसायचे. रविवारी जहाजावरून अजिंक्यचा कॉल यायचा. त्याचा "टोप्याऽऽ" असा आवाज आला की ही माझी मांडी सोडून फोनच्या स्क्रीनवर चढायची! मी हळूच आवाज बारीक करायचे.

"सानिका, ऐकू येत नाहीये का तिला?"

"रेंज नाही रे," मी म्हणायचे.

*

अजिंक्य परतला तो शनिवार. बोटीवरून उतरून थेट शेल्टरला. हातात टोपीसाठी नवा पिंजरा, त्यात चाक, शिडी, झोका! मी सकाळपासून टोपीला कुशीत घेऊन बसले होते. तो पिंजरा बघूनच माझं अवसान गळालं.

"चला, कुठे आहे माझी पोरगी?" त्याने हात पुढे केला.

"थांबा," आंटी ओरडल्या. "आधी राणीचं वजन. सानिका, उचल तिला."

मी टोपीला खोक्यात ठेवलं आणि रागारागात राणीच्या पिंजऱ्याचं दार उघडलं. उंदराला हात लावला की साबणाने धुवून मगच सापाला हात लावायचा, हे आमच्याकडे येणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी शिकतो. साप डोळ्यांपेक्षा वासावर जास्त विश्वास ठेवतो. मी हात घातला. राणीने जीभ बाहेर काढली, आत घेतली आणि खाटकन माझ्या अंगठ्याला डसली!

"हात धुतले नाहीस?" अजिंक्य किंचाळला.

रक्त ठिबकत होतं. आंटींनी राणीचा जबडा सावकाश सोडवला, माझा हात नाकाशी नेऊन हुंगला. मग मनगट हुंगलं, मग कोपर, मग खांदा.

"पूर्ण टोपी आहेस तू, ला," त्या म्हणाल्या. त्यांनी टोपीचं खोकं उचललं आणि माझ्या दुसऱ्या हातात दिलं. "घरी ने."

अजिंक्य माझ्या अंगठ्याकडे एकटक बघत होता.

"मला चार वर्षांत राणी एकदाही चावली नाही," तो म्हणाला.

आणि नवा पिंजरा खाली ठेवून त्याने बाही वर केली, राणीच्या पिंजऱ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि वाट बघत उभा राहिला.

राणीने एकदा जीभ काढली आणि तोंड फिरवलं.