परतणारे मासे

पत्नी गेल्यापासून घर खायला उठतं. लेकीला कायमचं परत बोलवायचं, हे ठरवूनच मी अलास्काला आलो होतो. तिने मला अस्वलं बघायला नेलं. धबधब्याच्या माथ्यावर एक अजस्र अस्वल जबडा उघडून निश्चल उभं होतं. खालून उसळलेला सॅमन मासा अलगद त्या जबड्यात गेला. नकळत माझे हात जोडले गेले.

"बाबा, देऊळ नाहीये हे!" ती हसली. मग म्हणाली, "हे मासे समुद्रातून जन्माच्या जागी परततात. अंडी घालतात आणि मरतात."

माझ्या मनातल्या मागणीची मला लाज वाटली.

"तुम्हाला काही बोलायचं होतं ना?"

तेवढ्यात एक मासा अस्वलाला चुकवून वर निसटला.

"पुढच्या वर्षीही मीच येईन म्हणतो," मी म्हणालो.