मशीनचं नाव
तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की मला आमच्या सुदामा नगरच्या घरातली एक दुपार आठवते. बाबांची मिल बंद होऊन वर्ष होत आलं होतं. साच्यांवर, म्हणजे मिलमधल्या मागांवर, कापड विणण्यात उभं आयुष्य गेलेले बाबा दिवसभर खिडकीशी बसून असत, मिलचा विषयही काढत नसत. मी ऑफिसातून एक जुना, छोटासा लॅपटॉप आणला होता आणि मासिकासोबत आलेल्या सीडीवरून त्यावर लिनक्स ही संगणकप्रणाली टाकून बघत होते. लॅपटॉप तापला, काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकायला लागल्या, तसे बाबा खुर्ची ओढून जवळ आले. मध्येच स्क्रीनवर मशीनचं नाव विचारलं गेलं. मी म्हटलं, “बाबा, याला नाव द्यायचंय, तुम्हीच सांगा.” “साचा लिही,” ते म्हणाले. मी इंग्रजी अक्षरांत तसं टाइप केलं. सगळं आटोपल्यावर ते नाव स्क्रीनवर उमटलं आणि बाबांनी त्यावरून हलकेच बोट फिरवलं. मी बंद करायला गेले तर म्हणाले, “रुक जरा, बेटा. आता बंद केलं तर उद्या परत चालू होईल नं?” “होईल, बाबा.” दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत त्यांनी ते चालू करून पाहिलं होतं. आता माझ्या ऑफिसात अशी कितीतरी मशीनं सतत चालू असतात. एखादं बंद करावं लागलं, तर ते परत सुरू होईपर्यंत मी जागची हलत नाही.