शिमग्यातली शेवटची चढाई

समस्त जनतेस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते, की पोलादपूरजवळचं आमचं गाव कबड्डीचा अंतिम सामना साक्षात देवीमुळे हरलं. काल गटाराकडेला कोणी फक्की मारली आणि त्या चुन्याच्या वासासरशी मी थेट नव्वदच्या दशकातल्या त्या शिमग्यात पोचले.

भात कापलेल्या शेतात फक्कीच्या रेघा मारल्या होत्या. माझा थोरला भाऊ दोन गडी बाद करून परत फिरला होता, मधली रेघ हातभर राहिली होती. इतक्यात बांधावरून देवीची पालखी आली. पालखी दिसली की आमच्याकडे माणूस असेल तिथे थांबतो. दादाही थांबला. दम तुटला, सामना गेला.

"ये भगता, आता देवळात जाऊन खेळ!" सगळं गाव ओरडलं.

दादा खळ्यावर जाऊन हुंदके देत बसला. बाबा आदल्या पावसाळ्यात गेले, तेव्हाही तो रडला नव्हता. मी म्हटलं, "गप रे, पुढच्या साली देवीलाच संघात घेऊ."

लग्नाकार्यात हा किस्सा मी इथवरच सांगते आणि लोक पोट धरून हसतात. पण दादा त्या वेळी एकदम ओरडला होता, "देवी कुठं बघितली गो मी! पालखीच्या पुढच्या दांड्याला यंदा बाबा नव्हते!"